पक्कं होईस्तोवर

खोली भाड्यानं देण्याआधी बाईंनी मला तीन वेळा बोलावलं होतं. एकदा सकाळी, एकदा भर दुपारी आणि एकदा दिवेलागणीला. तिन्ही वेळा त्यांनी तेच सहा प्रश्न विचारले आणि माझी उत्तरं एका लांब रजिस्टरात तीन रकान्यांत लिहून घेतली. नोकरी कुठं, घरी कोण कोण, पाणी किती लागतं, गॅस स्वतःचा का, पाहुणे किती येतात, आणि राग आला तर आवाज किती चढतो. या शेवटच्या प्रश्नाला सकाळी मी "चढत नाही" म्हणाले होते, दुपारी "थोडा चढतो" म्हणाले, आणि संध्याकाळी, तिसऱ्या चकरेनं वैतागून, नुसतं "चढतो" म्हणाले. बाईंनी तिन्ही उत्तरं शेजारी शेजारी पाहिली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आता खरं रीडिंग आलं. सामान आन."

वसमतच्या त्या गल्लीत त्यांना सगळे लॅबवाल्या बाई म्हणत. बत्तीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत रक्त, लघवी आणि थुंकी तपासली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण तपासणी काही सुटली नव्हती, फक्त नमुने बदलले होते. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर पांढरी चिकटपट्टी आणि तीवर डबा भरल्याची तारीख. नळाला पाणी कधी आलं, किती वेळ टिकलं, याचा कागद मोरीच्या दाराला टाचलेला. कुकरच्या शिट्ट्या त्या मोजत नसत, पहिली शिट्टी ते गॅस बंद यामधली मिनिटं मोजत. मुलगा नागपूरला होता. आई एकटी राहते म्हणून तो दर रविवारी फोनवर काळजी करायचा. "मी बरी हाय" एवढ्यानं त्याचं समाधान होत नाही, म्हणून बाई त्याला आठवड्याभराचे रक्तदाबाचे आकडे वाचून दाखवत. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून त्या विहारात जात, तेव्हाही वंदना किती मिनिटांत संपली हे मनात धरून येत असाव्यात, असा मला संशय होता.

त्यांचं खरं भांडण होतं ते 'झालं' या शब्दाशी. शेजारीण भिंतीवरून विचारायची, "झाला का सैपाक?" बाई सांगायच्या, "भात झाला. वरण सात मिनिटांनी व्हईल." तोवर शेजारीण आत गेलेली असायची. एकदा गवंडी मोरीची फरशी बसवून "झालं बाई" म्हणाला, तर बाईंनी त्याला विचारलं की बसवून झालं, का वाळून झालं, का पाणी टाकलं तरी हलणार नाही असं झालं. गवंड्यानं हत्यारं पिशवीत भरली होती ती परत खाली ठेवली.

मला सुरुवातीला हा सगळा विक्षिप्तपणा वाटायचा, आणि तो होताच. पण मग एक गोष्ट कळली. बाईंनी ती मला कधीच सांगितली नाही. त्यांच्याबरोबर दवाखान्यात शिपाई असलेले एक गृहस्थ आता आमच्या कंपनीच्या हळदीच्या गोदामावर राखणीला होते, त्यांनी सांगितली. बाई तेव्हा नोकरीत नव्या होत्या. एक बाळंतीण रक्तस्रावानं चालली होती. रक्ताची बाटली त्याच गटाची होती, पण देण्याआधी ती जुळते का हे पाहायला ठरलेला वेळ लागतो. डॉक्टर दोनदा येऊन गेले आणि जुळलं असेल तर द्या म्हणाले. बाईंनी सांगितलं, अजून व्हायचंय. नातेवाईक दारावर धडका देऊ लागले तेव्हा त्यांनी आतून कडी लावली. वेळ पुरा झाल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर बाटली जुळत नव्हती. त्यांनी दुसरी मागवली, ती जुळली, तीच दिली. बाळंतीण वाचली. महिन्याभरात रक्ताला उशीर केल्याची तक्रार झाली आणि बाईंची बदली दुसऱ्या तालुक्याला झाली. पहिल्या बाटलीची नोंद रजिस्टरात होती. मी एकदा धीर करून त्यांना विचारलं की ती नोंद दाखवली का नाही. बाई मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "कोनी विचारलंच न्हाई." आणि पुढची काडी मोडली.

मी ज्या कंपनीत काम करत होते ती शेतकऱ्यांचीच होती. आजूबाजूच्या गावांतले हळद लावणारे तिचे सभासद. औंढ्याकडे बाईंच्या वाट्याचं दोन एकर रान होतं, भाऊ ते कसायचा, म्हणून बाईही सभासद होत्या. आदल्या हंगामात आमच्याकडून एक वाईट गोष्ट घडली होती. तांड्यावरच्या सेवंताबाईंची हळद एका व्यापाऱ्यानं परत पाठवली. त्यांच्या पोत्यांबरोबर जो तपासणीचा अहवाल गेला, त्यात हळदीला पिवळा रंग चोळलेला आहे असं निघालं होतं. अहवाल दुसऱ्याच कुणाच्या लॉटचा होता, कागद बदलले होते. आठ दिवसांनी ते सिद्ध झालं, पण त्या आठ दिवसांत बाजारात सेवंताबाईंना रंगवाली म्हटलं गेलं. त्यांच्या नवऱ्याला गाडीवाल्यानं माल भरायला नकार दिला. नंतर कंपनीनं माफी मागितली. सेवंताबाईंनी ती ऐकून घेतली आणि विचारलं की हे परत होणार नाही याची काय सोय केली.

ती सोय म्हणून ब्लॉकचेन आलं. पुण्याचे एक साहेब, तिशी ओलांडलेले, बोलायला गोड, वार्षिक सभेत लॅपटॉप घेऊन उभे राहिले. प्रत्येक लॉटच्या अहवालाचा एक ठसा काढायचा, अंगठ्यासारखा, एका अहवालाचा दुसऱ्याला कधीच न जुळणारा. तो ब्लॉकचेनवर नोंदवायचा. मग मधे कोणी कागद बदलला तर ठसा जुळणार नाही आणि चोरी उघडी पडेल. नोंदीसाठी तीन नेटवर्क होती, त्यांचं ॲप तिन्हींवर चालायचं, पण त्यांची शिफारस पहिल्याची होती. सेकंदाला हजारो व्यवहार, म्हणाले. पाठवलं की झालं. पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांच्या समोर करार होता आणि पेनाचं टोपण निघालेलं होतं.

बाई मागच्या रांगेतून उभ्या राहिल्या.

"झालं म्हंजे कव्हा झालं?" त्यांनी विचारलं. "पाठवलं तव्हा, तिकडं दिसलं तव्हा, का परत कोनालाच फिरवता येनार न्हाई तव्हा?"

साहेब म्हणाले, "मॅडम, सगळं एका सेकंदात."

"तिन्ही?"

साहेबांनी लॅपटॉपकडे पाहिलं. अध्यक्षांना हसू आलं. हंगाम सुरू व्हायला अजून सव्वा महिना आहे, तोवर बाईंनीच तपासून घ्यावं, असं ते म्हणाले. ते थट्टेनं म्हणाले असावेत. बाईंनी सचिवांना ते सभेच्या वृत्तांतात लिहायला लावलं.

त्या संध्याकाळी बाईंनी मला खाली बोलावून ब्लॉकचेन म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं की ते एक रजिस्टर आहे, पण त्याच्या प्रती जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवर असतात. नवं पान जुन्या पानाला असं जोडलेलं असतं की जुनं बदलायला गेलं तर पुढची सगळी पानं ओरडतात.

"म्हंजे खोडरबर नसलेलं रजिस्टर," बाई म्हणाल्या.

मी हो म्हणाले.

"अन् चुकीचं लिहिलं तर?"

"चूकही कायमची."

बाई म्हणाल्या, "मंग लिहिणाऱ्यावर लई जिम्मेदारी हाय."

दुसऱ्या दिवसापासून आमचं काम सुरू झालं. तिन्ही नेटवर्कांची नावं त्यांनी मला सांगू दिली नाहीत. नाव कळलं की डोळा बाजू घेतो, म्हणाल्या. नमुना एक, दोन, तीन, एवढंच. मी आधी सरावाच्या नेटवर्कवर चाचणी घेऊ म्हणाले, तिथं शुल्क लागत नाही. बाई म्हणाल्या की रिकाम्या रस्त्यावर गाडीचा वेग मोजून काय कळणार, गर्दीत मोज. म्हणून खऱ्या नेटवर्कांवरच नोंदी पाठवायचं ठरलं. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक नमुन्याच्या तीन नोंदी. प्रत्येक नोंदीसमोर तीन वेळा लिहायच्या: पाठवली कधी, साखळीत, म्हणजे त्या जगभरच्या रजिस्टरात, दिसली कधी, आणि कोणालाच फिरवता येणार नाही अशी पक्की कधी झाली. चौथा रकाना 'आलीच नाही' असा होता. ॲपमध्ये फक्त मिनिटं दिसत, सेकंद दिसत नसत, म्हणून पाठवल्याची वेळ बाई आपल्या मनगटावरच्या घड्याळातून घेत. दिसल्याची वेळ साखळी स्वतःच सेकंदासकट नोंदवायची. ते घड्याळ त्यांनी पहिल्या पगारातून घेतलं होतं आणि लॅबमधलं सगळं आयुष्य त्याच्यावर मोजलं होतं. मी फोनमधली वेळ घ्या म्हणाले, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

वसमतच्या घरून मोजलं. औंढ्याला देवळासमोरच्या दुकानांच्या ओळीत उभं राहून मोजलं, तिथं श्रावणातली गर्दी नसतानाही फोनला फोन लागत नाही. माझं माहेर आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावचं, तिथं बाजाराच्या दिवशी जीपमधून गेलो आणि आमच्या ओट्यावर बसून मोजलं. माझ्या आईनं जेवायला तीनदा हाक मारली. बाई म्हणाल्या, "दोन नंबर अजून पक्कं व्हायचंय." दोन नंबर म्हणजे तिन्हींतलं सगळ्यात जुनं आणि संथ नेटवर्क. त्याच्यावर नोंद दिसायलाच कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास, आणि पक्की व्हायला त्याच्यावर आणखी तासभर. आईनं शेवटी ताटं ओट्यावरच आणली. पण त्या दोन नंबरनं एकही नोंद गिळली नाही. बाईंना तो आवडू लागला होता, त्यांनी कबूल केलं नाही तरी मला दिसत होतं. एक नंबर डोळ्याची पापणी लवते तोवर नोंद दाखवायचा, पण गर्दीच्या वेळी मधूनच एखादी नोंद नाहीशी व्हायची. तीन नंबर दहा-पंधरा सेकंदांत दाखवायचा आणि पाव तासात पक्कं करायचा. त्याच्याबद्दल बाईंना काहीच म्हणायचं नसायचं.

दहाव्या दिवसापासून आकडे आमच्या बाजूनं बोलू लागले. आमच्या म्हणजे बाईंच्या. एक नंबर रोज थोडा थोडा मंदावत होता. ज्याला एक सेकंद लागायचा त्याला पाच लागू लागले, मग नऊ, मग तेरा, आणि करत करत चाळीसाच्या वर गेले. मी खूश होते. पुण्याच्या साहेबांचा सेकंद कुठं गेला ते सभेत दाखवायचं, म्हणून मी आलेखही काढला. करारावर सही करायची सभा परवावर आली होती. आलेख बाईंच्या पुढ्यात ठेवला तेव्हा त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. रेघ अगदी सरळ चढत होती.

"रोज चारच सेकंद," त्या म्हणाल्या. "काहून?"

मी म्हणाले, नेटवर्कवर गर्दी वाढत असेल.

"गर्दी अशी शिस्तीत वाढत नसते, पोरी."

त्यांनी मनगट पुढं केलं आणि मला माझा फोन बाजूला धरायला सांगितला. घड्याळ पाऊण मिनिट मागं होतं. बरोबर अकरा दिवसांपूर्वी त्यांनी बाजारात त्यात नवा सेल टाकून आणला होता, त्या दिवसापासून ते रोज चार सेकंद मागं पडत होतं. बाई जी पाठवायची वेळ लिहीत होत्या ती खऱ्या वेळेच्या आधीची होती, त्यामुळे प्रत्येक नोंदीला उशीर झाल्यासारखा दिसत होता. संथ नेटवर्कमध्ये पाऊण मिनिट कोणाच्या लक्षात येणार. जलद नेटवर्कची मात्र अब्रू जात होती.

मी म्हणाले की रोजचे चार सेकंद वजा करून आकडे दुरुस्त करता येतील. बाई म्हणाल्या की चारच कशावरून, एखाद्या दिवशी तीन असतील, एखाद्या दिवशी सहा. अंदाजानं दुरुस्त केलेल्या आकड्याला त्या रीडिंग म्हणणार नव्हत्या. लाल पेन घेऊन त्यांनी अकरा दिवसांच्या पानांवर एकेक तिरकी रेघ मारली, खाली कारण लिहिलं आणि सही केली. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. हात रिकामा दिसत होता. त्या रात्री जेवल्या की नाही हे मी विचारलं नाही.

सभेत गोदामाच्या सावलीत पन्नास-साठ लोक बसले होते. साहेब पुण्याहून आले होते, कराराच्या दोन प्रती घेऊन. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी सरळ सांगितलं, "अकरा दिवसांची माझी मोजनी चुकीची हाय. घड्याळ माझं मागं होतं. ती पानं मी रद्द केली. मला अजून अकरा दिवस पाहिजेत."

साहेबांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. अध्यक्ष म्हणाले की बाईंचा आदर आहे, पण हंगाम दारात आहे, खरेदीदार थांबणार नाही, आणि ज्या मोजणीत मोजणाऱ्याचंच घड्याळ चुकतं तिच्यासाठी किती थांबायचं. लोकांत थोडं हसू झालं. बाई उभ्याच होत्या.

मग पुढून सेवंताबाई उठल्या. त्या सभेत क्वचित बोलत. त्यांचं मराठी तांड्याच्या वळणाचं होतं आणि त्या सावकाश बोलत.

"मागल्या साली माझा कागद चुकला," त्या म्हणाल्या. "तव्हा कोनी उठून 'चूक माझी हाय' असं म्हनलं न्हाई. आठ दिस मी रंगवाली होते. या बाई सोताहून सांगून राहिल्या. हळदीला आपन नऊ महिने देतो. यांना अकरा दिस द्या."

अध्यक्षांनी करार फाइलमध्ये परत घातला. अकरा दिवस, म्हणाले, बाराव्या दिवशी सही.

या वेळी सेवंताबाईंनी एक अट घातली. पोती तांड्यावर भरली जातात, तर मोजणी तांड्यावरही झाली पाहिजे. घड्याळ आता फोनचं होतं, तेही रोज सकाळी दोन फोन शेजारी धरून ताडलं जायचं. तांडा माळावर होता, डांबरी रस्त्यापासून अर्ध्या तासाची चढण. बाईंचे गुडघे दुखायचे. दर शंभर पावलांनी त्या थांबत आणि मग पुन्हा शंभर चालत. मी आधार द्यायला गेले तर म्हणाल्या, "तकलीफ व्हतीय, पण ती माझ्या हिशोबात हाय."

माळावर फोनला एक काडीही नव्हती. सेवंताबाईंच्या ओसरीत बसून मी नमुना एकची नोंद पाठवली, कारण क्रमानं तीच पहिली होती. ॲपमध्ये हिरवी खूण उमटली.

मी ती लिहून घेणार होते. बाईंनी माझा हात धरला. "कोनत्या हवेतून गेली ही?" त्यांनी विचारलं.

मी फोन पाहिला. नेटवर्क नव्हतं. वायफायचा तर प्रश्नच नव्हता. मी नमुना दोन पाठवला, हिरवी खूण. तीन पाठवला, हिरवी खूण. ॲप काहीच पाठवत नव्हतं. ते फक्त पाठवीन म्हणून फोनमध्येच ठेवत होतं आणि आम्हांला झालं म्हणून सांगत होतं. सेवंताबाईंनी ती खूण वाकून पाहिली. "म्हंजे मी इथं पोती भरून गाडी लावून देते," त्या म्हणाल्या, "अन् कागद माझ्या घरातच बसून ऱ्हातो." आम्ही तिघी माळ उतरलो. डांबरी रस्त्याला लागल्यावर फोननं अंग झटकलं आणि चाळीस मिनिटांपूर्वी 'झालेल्या' नोंदी एकेक करून निघाल्या. नमुना एकची निघालीच नाही. एक नंबरवर नोंद मिनिट-दीड मिनिटात पोचली नाही तर बाद होते, आणि तिची मुदत केव्हाच संपली होती, पण खूण तशीच हिरवी होती.

बाईंनी त्या दिवशी रजिस्टरात पाचवा रकाना आखला: ॲपनं काय सांगितलं.

अकरा दिवस भरले. मधल्या एका मंगळवारी एक नंबरचं अख्खं नेटवर्कच दुपारभर बंद पडलं, जगभर. आम्ही तेव्हा गोरेगावला होतो आणि मला वाटलं की आता बाईंच्या मनासारखं झालं असेल. त्यांनी फक्त बंद पडल्याची आणि सुरू झाल्याची वेळ लिहिली. बाकीच्या दिवशी एक नंबर खरोखरच सेकंदात नोंद दाखवत होता, आणि तेही त्यांनी तितक्याच ठळक अक्षरात लिहिलं.

बाराव्या दिवशी त्यांनी वाचून दाखवलेला अहवाल एका पानाचा होता. नमुना एक सगळ्यात जलद, पण गर्दीत नोंदी गाळतो आणि एकदा बंद पडला. नमुना दोन एकही नोंद गाळत नाही, पण पक्कं व्हायला तासाच्या वर, आणि गाडी भरून उभी असताना शेतकरी तासभर थांबणार नाही. हे वाचताना त्या जरा थांबल्या. मग नमुना तीन: ना सगळ्यात जलद, ना सगळ्यात जुना, पाव तासात पक्कं, एकही नोंद गहाळ नाही. शिफारस तीनची. शेवटची ओळ ॲपबद्दल होती. साखळीत नोंद पक्की होत नाही तोवर हिरवी खूण दाखवू नये. दाखवायची असेल तर पिवळी दाखवावी, आणि पिवळ्याखाली 'अजून नाही' असं मराठीत लिहावं.

साहेब उभे राहिले. त्यांनी एक नंबरबद्दल वाद घातला नाही. पण पाव तास पिवळी खूण पाहून वापरणाऱ्याला ॲप संथ वाटेल, म्हणाले, आणि सगळेच ॲप आधी खूण दाखवतात, तशी पद्धतच आहे.

"वाटू द्या संथ," बाई म्हणाल्या.

साहेबांच्या कंपनीनं खूण बदलायला नकार दिला. अध्यक्षांनी करारावर सही केली नाही. त्यांनाही ते सोपं गेलं नसणार, पण त्या दिवशी ते बाईंकडे न पाहता सेवंताबाईंकडे पाहून बोलले. तो हंगाम आम्ही तीन नंबरवर माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून काढला, प्रत्येक लॉटचा ठसा मी हातानं नोंदवायचे आणि पक्कं झाल्यावरच गाडीला चिठ्ठी द्यायचे. ड्रायव्हर कुरकुरायचे. सेवंताबाईंचा लॉट गेला तेव्हा त्या पूर्ण पाव तास माझ्या खुर्चीमागं उभ्या होत्या. खरेदीदारानं तिकडं ठसा ताडून पाहिला, जुळला, माल उतरवून घेतला. त्या दिवशी त्या बाजारातून, मधल्या रस्त्यानं, सावकाश चालत घरी गेल्या.

पावसाळा संपता संपता साहेबांचा बाईंना फोन आला. त्यांच्या कंपनीत दुसरीकडूनही तशाच तक्रारी आल्या होत्या आणि आता ॲप बदलायचं ठरलं होतं. बाईंची रजिस्टरं मिळाली तर फार मदत होईल, ते म्हणाले. बाईंनी सांगितलं की रजिस्टर मिळणार नाही. आकडे पाहिजेत तर या, तांड्यावर आठ दिवस राहा आणि स्वतः घ्या. मला वाटलं माणूस फोन ठेवून देईल. तो आला. बरोबर पिशवी, टोपी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन. सेवंताबाईंनी त्याला ओसरी दिली. रोज पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी तो माळावर उभा राहून नोंदी पाठवायचा आणि रस्त्यापर्यंत उतरून त्या निघाल्या का ते पाहायचा. तिसऱ्या दिवशी त्याचे बूट फाटले आणि त्यानं तांड्यावरून चपला घेतल्या, असं सेवंताबाईंनी रस्त्याला उतरून फोनवर सांगितलं.

नवव्या दिवशी तो वसमतला बाईंच्या घरी आला. चेहरा उन्हानं भाजलेला. त्यानं वही टेबलावर ठेवली. बाईंनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून एकेक ओळ बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. मी चहा आणला, तो निवला. पाचव्या दिवसाच्या पानावर त्यांचं बोट थांबलं. दुपारच्या दोन नोंदींसमोरचे रकाने रिकामे होते.

"हे?" त्यांनी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. म्हणाला, "त्या वेळी झोप लागली होती, मॅडम. उठलो तेव्हा वेळ गेली होती."

"आजूबाजूचे आकडे पाहून भरता आले असते."

"आले असते."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, पानाच्या खालच्या कोपऱ्यात आपली सही केली आणि वही त्याच्याकडे सरकवली. स्वयंपाकघरात जाता जाता त्यांनी मला तिसरं ताट काढायला सांगितलं.